रे. नारायण वामन टिळक आणि मुलांच्या तोंडची चाल



कै. रे. नारायण वामन टिळक यांचे नाव ठाऊक नाही अशी मराठी मंडळी सापडणे कठीण. ज्याला अक्षरओळख नाही अशा म्हाताऱ्या बाईलाही त्यांची चार गीते तोंडपाठ असतात. ती कोणी रचली हे मात्र तिला पुष्कळदा ठाऊक नसते. त्यांचे चरित्र अनेकांनी सांगितले आहे. आज ते पुन्हा सांगण्याचे कारण थोडे निराळे आहे. खेड्यांतून रविवारची शाळा चालविणाऱ्या उपदेशकांपुढे एक अडचण नेहमी उभी असते. मुलांना कविता पाठ येते, पण गाता येत नाही; किंवा गाता येते ती एकाच कंटाळवाण्या सुरात. मुलांनी पाठ असलेल्या कवितेला स्वतःच चाल लावावी, हे त्यांना शिकविता येईल काय? येईल, असे आम्हांस वाटते. आणि ते कसे, याचा उलगडा टिळकांच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे पुष्कळसा होतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव या गावी झाला. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने कडक होते. आई जानकीबाई मृदू स्वभावाची, धर्मशील, आणि काव्याची आवड असलेली. आईच्या ओठांवर जे गाणे असे तेच मुलाचे पहिले पुस्तक झाले. नारायण अकरा वर्षांच्या सुमाराचा असतानाच ही माउली निवर्तली आणि मुलगा घराला पारखा झाला. कवितेची गोडी मात्र तोवर त्याच्या अंगी मुरली होती. मूल पद्य शिकते ते प्रथम कानाने. डोळ्याने शिकते ते मागाहून. आपण उपदेशक मंडळी बहुधा याच्या उलट करतो. आधी फळ्यावर कडवे लिहितो, मग वाचून घेतो, आणि चाल शेवटी चिकटवितो.

आईच्या मागे नारायण नाशिकास आला. तेथे गणेशशास्त्री लेले या विद्वान गृहस्थांजवळ त्याचे संस्कृत अध्ययन झाले. घरच्या गाण्यावर आता वृत्तांचा संस्कार झाला. वृत्त म्हणजे काय, हे ग्रामीण वाचकांसाठी दोन शब्दांत सांगतो. कोणते अक्षर लघू व कोणते गुरू याचा क्रम वृत्तात आधीच ठरलेला असतो, आणि तो क्रम जसाच्या तसा उच्चारला की अर्धी चाल आपोआप होते. टिळकांची 'केवढे हे क्रौर्य!' ही जखमी पक्षिणीवरची कविता शाळेच्या पुस्तकांतून पिढ्यान् पिढ्या मुलांनी म्हटली. ती पृथ्वी वृत्तात आहे. मुलांनी ती नुसती ऱ्हस्वदीर्घ सांभाळून सावकाश म्हटली, तरी सतरा अक्षरांच्या त्या ओळीचे हेलकावे त्यांच्या ध्यानी येतात. चाल बाहेरून आणावी लागत नाही, ती शब्दांत निजलेली असते, हे मुलांना पटविण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

पुढची कित्येक वर्षे टिळकांनी भटकण्यात घालविली. १८८० साली नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांची पत्नी झाली. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक. कोठे शिक्षक, कोठे पुराणिक, कोठे कीर्तनकार, असे होत होत टिळक नागपुरास गेले आणि तेथे आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ग्रंथांचे काम करू लागले. एका जागी पाय ठरत नव्हता, हे खरे. पण या भ्रमंतीत त्यांच्या कानांवरून काय काय गेले असेल याचा विचार करा. कीर्तनकाराच्या साक्या, दिंड्या, आर्या व कटाव, वारकऱ्यांचे अभंग, बायकांच्या ओव्या, लावणीचा ठेका. महाराष्ट्राचा कान कसा घडला आहे हे त्यांना पुस्तकात वाचावे लागले नाही.

१८९३ साली राजनांदगावाकडे आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार दिला. तो ते वाचू लागले, डोंगरावरील प्रवचनापाशी थबकले, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. हा इतिहास आपल्या वाचकांना परिचित आहे, म्हणून लांबवीत नाही. त्या दिवसाची किंमत मात्र लक्षात ठेवली पाहिजे. लक्ष्मीबाई तेव्हा आपल्या आप्तांकडे राहिल्या, लहानगा दत्तू आईजवळ, आणि नवराबायकोची ताटातूट चार-पाच वर्षे टिकली. लक्ष्मीबाईंना जेमतेम लिहितावाचता येत होते, तेही टिळकांनीच शिकविलेले. अशा स्त्रीला त्या दुःखाच्या दिवसांत पद्य स्फुरू लागले. व्याकरण नाही, वृत्तशास्त्र नाही. कानांत साठलेल्या ओव्या व गाणी मात्र होती. दुःख बोलायला लागले ते त्याच मापात. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला व संसार पुन्हा अहमदनगरास उभा राहिला.

आम्हांस ही गोष्ट टिळकांच्या पांडित्यापेक्षाही अधिक उपयोगाची वाटते. बीड जिल्ह्यातील कोणत्याही गावात जा. आता जाती गेली, गिरण्या आल्या; तरी साठी उलटलेल्या बायांच्या गळ्यात जात्यावरची ओवी अजून आहे. माजलगावच्या भीमनगरातील बायांनी १९९६ साली म्हटलेल्या ओव्या हेमा राईरकर व गी पॉइटेव्हिन यांच्या संशोधकमंडळींनी ध्वनिमुद्रित करून ठेविल्या आहेत. त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या पुष्कळ आहेत. साचा पुरातन आणि विषय अगदी ताजा. त्या बायांना चाल लावण्यास कोणी शिकविले नव्हते. जुनी चाल घेऊन तीत नवे शब्द बसवावे, आणि शब्द लांबला तर चालीचा शेवट जरा ओढावा, ही विद्या आपल्या आज्यांपाशी आहे. ती नातवांना द्यावयाची एवढेच काम उरते.

नगरास टिळक सेमिनरीत शिकवू लागले, १९०४ साली त्यांची पाळक म्हणून दीक्षा झाली, आणि गीतरचनेचा मोठा काळ सुरू झाला. त्यांच्यापूर्वी मंडळ्यांतून काय गायिले जात असे ते पाहा. मिशनरी साहेबांनी मोठ्या प्रेमाने व कष्टाने इंग्रजी गीतांची भाषांतरे केली होती आणि ती इंग्रजी सुरांवर म्हटली जात. त्यांची निंदा करावयाची नाही. पण अडचण खरी होती. इंग्रजी भाषेत शब्दाच्या एका भागावर जोर पडतो व गाण्याचा ठोका त्या जोरावर बसविलेला असतो. मराठीत असा जोर नाही. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ यावर सारे अवलंबून. म्हणून इंग्रजी सुरावर मराठी शब्द ठेविले की ऱ्हस्व अक्षर लांब ताणले जाते, दीर्घ अक्षर चेपले जाते, आणि शब्दाच्या मध्येच श्वास तुटतो. कानाला शब्द परका लागतो आणि अर्थ मनापर्यंत पोहोचत नाही. मुले तर काय, आवाजाला आवाज मिळवून मोकळी होतात.

हे ओळखणारे टिळक पहिलेच नव्हेत. नगरकडील कृष्णराव सांगळे यांनी त्यांच्याही आधी देशी चालींत गीते रचिली व कीर्तने केली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु टिळकांनी ते काम एवढ्या मोठ्या प्रमाणावर केले की मराठी उपासनेचा आवाजच बदलला. ज्ञानेश्वर, नामदेव, तुकाराम यांची वाणी त्यांच्या रक्तात होती. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते मानीत. अभंग, पद, भजन, पाळणा, आरती या घरच्याच साच्यांत त्यांनी आपली भक्ती ओतली. 'उपासना संगीत' या आपल्या गीतसंग्रहात सुमारे अडीचशे गीते त्यांची आहेत.

आता मुलांच्या कामाकडे वळू. टिळकांनी 'अभंगांजली'त जो अभंग हाताळला त्यापासूनच आरंभ करावा, असे आमचे मत आहे, आणि त्याला शास्त्राचा आधार आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजे माधव ज्यूलियन, यांनी 'छंदोरचना' या ग्रंथात मराठी पद्याचे माप नीट उलगडले आहे. अभंग व ओवी यांत लघुगुरूंचा हिशेब नसतो. गाताना प्रत्येक अक्षराला सारखाच वेळ मिळतो. मोठ्या अभंगात तीन चरण सहा-सहा अक्षरांचे व चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या व तिसऱ्या चरणाच्या शेवटी यमक. जोडाक्षर एकच मोजावे. बस, एवढे शास्त्र सात वर्षांच्या मुलाला बोटांवर शिकविता येते.

पाठ असलेला एक अभंग घ्यावा आणि प्रथम त्याची नेहमीची चाल काढून टाकावी. मुलांनी तो बोलावा, गाऊ नये. मग टाळी धरावी. प्रत्येक अक्षराला एक बोट, चरण संपला की टाळी. हे दोन-चार वेळा झाले की शेवटचा चार अक्षरांचा चरण आखूड आहे हे मुले आपण होऊन सांगतात. तेथे उरलेली जागा कशी भरावयाची, असे त्यांना विचारावे. कोणी शेवटचे अक्षर लांबवील, कोणी नुसते थांबेल, कोणी टाळ वाजवील. चाल लावण्याचा आरंभ हाच. नंतर म्हणावे, घरी आजी ओवी कशी म्हणते ते आठवा; वासुदेव कसा म्हणतो, बाळाचा पाळणा कसा म्हणतात, गोंधळी कसे म्हणतात? त्यांपैकी एकावर हा अभंग बसतो काय, पाहा. निम्म्या वेळा तो बसणार नाही, आणि का बसत नाही हे शोधण्यातच मुलांचे खरे शिक्षण होते. एकदा पहिला चरण बसला की शिक्षकाने गप्प राहावे. पहिला चरण एका मुलाने म्हणावा, दुसरा दुसऱ्याने आपल्या मनाने पुढे न्यावा. सूर वर चढला तर तिसऱ्याला तो खाली आणावासा वाटतोच.

मूल चुकले तर मोठ्यांनी हसू नये. आपल्या गावांत हे फार होते. पोर नवे काही गुणगुणू लागले की कोणीतरी सिनेमाचे नाव घेऊन चेष्टा करतो आणि ते पोर पुन्हा तोंड उघडीत नाही. पेटीचीही घाई करू नये. पेटी पुढे आली की मुले तिच्या मागे लपतात. टाळ, एकतारी किंवा नुसती मांडी पुरे. चाल चांगली की वाईट हे ठरविण्याच्या दोनच कसोट्या ठेवाव्या. ज्यांनी ती ऐकली नाही अशा मुलांना तीनदा ऐकून ती उचलता आली पाहिजे, आणि कोठेही शब्दाचे दोन तुकडे होता कामा नयेत. ज्या कडव्यात दुःख आहे तेथे ठेका नाचरा होत असेल तर तेही मुलांनाच विचारावे. त्यांना ते कळते.

हे सगळे आपल्या भागाला नवे आहे असे नाही. बालाघाटावरील अंबाजोगाई येथे सोळाव्या-सतराव्या शतकांत दासोपंतांनी गीतेवर लिहिले, अक्षरांनी भरलेली ती प्रसिद्ध पासोडी लिहिली, आणि रागांत गावयाची पदेही उदंड रचिली. त्या भूमीत पद्य म्हणजे गाणेच. पुढे निजामाच्या राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूत होते. १९४८ साली ते राज्य संपेपर्यंत मराठी कविता येथे शाळेपेक्षा माजघरात, शेतात व दिंडीत अधिक जगली.

आणि आजची गोष्ट अशी, की आपल्या पाटोदा, आष्टी, शिरूर, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीस जातात. मागे कोणी सांभाळणारे नसले तर पोरेही बरोबर जातात. फडाच्या कडेला कोपी घालून कुटुंब राहते, पहाटे कोयता चालतो, आणि पोर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन बसते. चैत्राच्या सुमारास परत येईपर्यंत शाळेचा धडा विसरलेला असतो आणि पुस्तक उंदरांनी खाल्लेले असते. ज्या मुलीने एखाद्या गीताला आपली चाल लावली आहे, ती मात्र ते गीत भावाला झोपविताना म्हणते, आणि म्हणून विसरत नाही. पाठांतर करून घेतलेले व मुलाने स्वतः घडविलेले यांतला फरक आम्ही असा पाहिला आहे. खेड्यातील मंडळ्यांत चाल लावणे हा फावल्या वेळचा खेळ आहे, असे आम्हांस म्हणूनच वाटत नाही.

पुन्हा टिळकांकडे येऊ. त्यांचे घर म्हणजे मुलांचा व तरुणांचा अड्डा. १९०७ साली जळगावास कविसंमेलन झाले, त्यात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सतरा वर्षांच्या आतल्या मुलाने आपली कविता म्हणून दाखविली. सभा थक्क झाली, अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी असे गौरविले. टिळकांनी त्या मुलाला नगरास आपल्या घरी आणून ठेविले. ठोंबरे ख्रिस्ती झाला नाही, आणि टिळकांचे प्रेम त्यामुळे कमी झाले नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त त्याच्या लहरी, रुसवे व खोड्या आईच्या मायेने वर्णिल्या आहेत. एवढ्या मोठ्या कवीच्या छायेत राहून ठोंबऱ्याने टिळकांची नक्कल केली नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. त्याची कविता त्याच्याच गळ्यातून निघाली. ज्याला मुलाकडून आपलाच सूर ऐकावयाचा असतो, त्याच्या घरात असा मुलगा वाढत नाही. ५ मे १९१८ रोजी भादलीजवळ रेल्वेच्या अपघातात बालकवी गेला. टिळकांना त्यानंतर जेमतेम एक वर्ष आयुष्य उरले होते.

शेवटची वर्षे आम्ही थोडक्यात उरकतो. १९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी भागाचे संपादक होते. १९१७ साली त्यांनी मिशनचा पगार सोडला, संन्यास घेतला, आणि साताऱ्यास राहून 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले व न झालेले अशा दोघांनाही त्यात जागा होती, म्हणून पुष्कळांच्या भुवया उंचावल्या. त्या वादात येथे शिरत नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईस जे. जे. रुग्णालयात त्यांचे देहावसान झाले.

'ख्रिस्तायन' हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले. त्याचे आरंभीचे थोडे अध्याय टिळकांचे. उरलेले जवळजवळ सगळे लक्ष्मीबाईंनी लिहिले, आणि शेवट पुत्र देवदत्त यांनी केला. ते ओवीत आहे. ज्या बाईला पतीने अक्षरे शिकविली तिने पतीचे अर्धे सोडलेले काम त्याच मापात पुरे केले. कारण ते माप दोघांच्याही कानांत लहानपणापासून होते.

आता उपदेशकांसाठी एक व्यावहारिक गोष्ट सांगून थांबतो. जुन्या मराठी गीतसंग्रहांत गीताच्या डोक्यावर त्याची चाल लिहिण्याची वहिवाट होती: अमुक पदाप्रमाणे, तमुक नाटकातल्या गाण्याप्रमाणे. १८८० साली किर्लोस्करांचे 'शाकुंतल' रंगभूमीवर आल्यापासून नाटकातील पदे घरोघर झाली होती, म्हणून तेव्हा तेवढी खूण पुरत असे. ती नाटके आज खेड्यात कोणास ठाऊक नाहीत. खूण उरली, चाल गेली, आणि त्यामुळे कित्येक सुंदर गीते पुस्तकात मुकी पडून आहेत. उपासनेत आपण त्यांची पाने उलटून पुढे जातो. आपल्या मंडळीच्या पुस्तकातील अशा पाच-सहा गीतांवर खूण करावी. कोणते अभंगाच्या मापाचे आहे ते बोटांवर मोजून पाहावे. तेवढे एक दिवाळीपूर्वी, टोळ्या निघण्याच्या आधी, मुलांच्या स्वाधीन करावे.